निळं बॅरल आणि शेजारणीचं विरजण

हल्ली 'बायोहॅकिंग' हा शब्द पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कानावर पडतो. एकाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असतो, मधुमेह नसताना. दुसरा रोज पहाटे बर्फाच्या पाण्यात बसतो आणि आपण चहाला उठलो की मागे मागे येऊन त्याबद्दल सांगतो. माझी काही तक्रार नाही, ज्याचं शरीर त्याचा छंद! पण हा शब्द ज्या दुसऱ्या अर्थाने वापरला जातो तो मला जास्त गमतीचा वाटतो. विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या प्रयोगशाळेबाहेर साध्या माणसांनी एकत्र येऊन जीवशास्त्राचे प्रयोग करायचे, हा तो अर्थ. २००८ साली बॉस्टनकडे 'डीआयवाय-बायो' नावाने अशी मंडळी जमली. २०१० साली ब्रुकलिनमध्ये 'जेनस्पेस' ही सामुदायिक प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्या प्रोग्रामर जमातीला हे लगेच भावतं. डीएनए म्हणजे कोड, पेशी म्हणजे मशीन, मग आपणही दोन ओळी लिहून का बघू नयेत?

आणि मग नेहमीचा सुस्कारा येतो, की आपल्याकडे असलं काही नाही बुवा.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे हे आहे, भरपूर आहे, आणि आमच्या मलकापूरला तर गल्लोगल्ली आहे. जे नाही ते वेगळंच आहे. त्याकडे येतो, पण आधी विरजणाबद्दल बोलू.

(मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं. कराडजवळचं नव्हे, आणि रेल्वे स्टेशनवालं बुलढाण्याचं तर नव्हेच. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते.)

पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि दही लागता लागत नाही. मग पातेलं घोंगड्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचं. त्यातूनही बिघडलं, तार आली किंवा भलताच वास आला, तर ते ओतून द्यायचं आणि वाटी घेऊन शेजारी जायचं. आता हे सगळं प्रयोगशाळेच्या भाषेत सांगून बघा. एक जिवंत कल्चर आहे, ते रोज नव्या माध्यमात उतरवलं जातं, पिढ्यानपिढ्या, आणि चालवणाऱ्या बाईने मायक्रोस्कोप कधी पाहिलेला नाही. तरी ते टिकतं. कसं काय?

मला तीन कारणं दिसतात. पहिलं असं की विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू साडेसहाच्या वर असतो, तो साडेचारच्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात बाकीच्या बऱ्याच जंतूंचा निभाव लागत नाही. म्हणजे कल्चर स्वतःच स्वतःची राखण करतं. शिवाय आज जे काम करून घ्यायचं, उद्याही तेच. दूधच द्यायचं आणि दहीच करून घ्यायचं, त्यामुळे जो जिवाणू या कामात पटाईत तोच टिकतो. दुसरं, रोज दुपारी जेवताना घरातली पाच माणसं ते चाखतात. रोजची टेस्टिंग! बग आला तर सासूबाई त्याच दिवशी रिपोर्ट करतात. आणि तिसरं, शेजारीण. तिच्याकडे आपल्याच कल्चरची चालू स्थितीतली प्रत असते. लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं २००५ साली. आमच्या गल्लीत विकेंद्रित बॅकअप त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

हे तीन मुद्दे जरा लक्षात ठेवा, कारण आता बॅरल येतंय.

आमचे आबा, म्हणजे माझे चुलते, सव्वा एकर भात करतात आणि थोडा ऊस. गोठ्याशेजारी त्यांचं दोनशे लिटरचं निळं बॅरल असतं. तालुक्यात कुठेही जा, हे बॅरल दिसणारच. त्यात दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे जीवामृत. सुभाष पाळेकरांनी ते घरोघर नेलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दुसरी गोष्ट म्हणजे 'वेस्ट डिकंपोझर'. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ साली आणलेली ही छोटी बाटली, किंमत वीस रुपये. ती दोनशे लिटर पाण्यात दोन किलो गुळाबरोबर टाकायची, रोज काठीने ढवळायचं, पाच-सात दिवसांत तयार. त्यातलं वीस लिटर काढून पुन्हा पाणी आणि गूळ घातला की नवं बॅरल. बाटली परत विकत घ्यायची गरजच नाही! त्यामुळे ही बाटली फार लोकांनी विकत घेतली नाही. शेजाऱ्याकडून कॅन भरून आणलं. सरकारने सोडलेलं आणि कॉपी करायला मुभा असलेलं जिवंत सॉफ्टवेअर म्हणा ना. आणि गुळाला तर आमच्याकडे तोटा नाही, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय.

ब्रुकलिनवाल्यांना हे सांगितलं तर ते हेव्याने मरतील. हजारो घरांत कल्चर वाढतंय, फुकट वाटलं जातंय, कुणाला पेटंट नको, परवानगी नको.

पण जरा हिशेब मांडू. वीस लिटरचं दोनशे लिटर म्हणजे दहापट. मूळ बाटलीतला एखादा जिवाणू असा आहे की तो पालापाचोळा, पेंढा कुजवण्यात वाकबगार आहे, पण गुळाच्या पाण्यात त्याची फारशी वाढ होत नाही. पहिल्या फेरीत त्याचा अंश दहावा भाग होतो, दुसऱ्या फेरीत शंभरावा, दहाव्या फेरीत एक हजार कोटीवा. थोडक्यात, तो गेला. त्याच्या जागी कोण येईल? गुळावर आणि उघड्या हवेत सगळ्यात झपाट्याने वाढणारे, म्हणजे यीस्ट वगैरे मंडळी. विरजणात आपण रोज दूध देतो आणि दह्याचीच अपेक्षा करतो. इथे आपण दर आठवड्याला गूळ खायला घालतो आणि अपेक्षा मात्र पाचट कुजवण्याची धरतो. ज्या गोष्टीसाठी निवड होतेय ती एक आणि हवी आहे ती दुसरीच. मी बाटलीला नावं ठेवत नाहीये. पहिली बाटली चांगलीच असेल. विसाव्या हाताने आलेल्या कॅनमध्ये काय आहे हे कुणालाच माहीत नाही, एवढंच माझं म्हणणं.

जीवामृताचाही हिशेब मी एकदा करून पाहिला. दहा किलो ओल्या शेणातलं नत्र, दहा लिटर मूत्रातलं, दोन किलो बेसनातलं, सगळं मिळून पाव किलोच्या आसपास जातं. युरियाचं पोतं पंचेचाळीस किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. समर्थक यावर म्हणतात की अरे बाबा, हे खत नाहीच, हे जमिनीला लावलेलं विरजण आहे. मान्य! पण मग विरजणाचेच नियम लावा की. याची रोजची चव कोण घेतं? बिघडलं हे कशावरून कळतं? आणि शेजारणीची वाटी कुठे आहे?

हा सगळा वाद नुसता बौद्धिक राहिला असता तर मी लिहिलंही नसतं. पण दोन वर्षांपूर्वी आबांनी ठरवलं की पुढच्या खरिपाला युरिया पूर्ण बंद, फक्त बॅरल. त्या सव्वा एकरावर घरातलं वर्षाचं भात पिकतं. कुणीतरी एका मेळाव्यात त्यांना सांगितलं होतं की पहिल्याच वर्षी फरक दिसतो. सोबत साडेचारशे रुपयांची एक 'स्पेशल' बाटलीही दिली होती, तिच्यावर ना तारीख ना जिवाणूचं नाव. मी म्हणालो, "आबा, निम्म्या रानात करा, निम्म्यात नेहमीसारखं. म्हणजे कळेल तरी."

आबा म्हणाले, "आणि त्या निम्म्यात भात कमी पडलं, तर तू पाठवणार हाईस व्हय पुण्यासनं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहरातल्या माणसाला 'कंट्रोल ग्रुप' हा शब्द फार स्वस्त वाटतो. आम्ही निम्म्या यूजर्सना जुनं बटण दाखवतो, निम्म्यांना नवं, आणि संध्याकाळी ग्राफ बघतो. कुणाचं ताट रिकामं राहत नाही. एकट्या शेतकऱ्याने प्रयोगासाठी पट्टा सोडायचा म्हणजे माहिती सगळ्या गावाला आणि जोखीम मात्र त्याची एकट्याची. म्हणून तो करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. 'समुदाय' या शब्दाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. जोखीम वाटून घ्यायला समुदाय लागतो, बॅरल ढवळायला तो लागत नाही. दहा जणांनी प्रत्येकी दोन गुंठे द्यायचे. दोन्ही गुंठ्यांत युरिया निम्मा, पण एकातच बॅरलचं पाणी सोडायचं. कुठल्या गुंठ्यात ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, नाहीतर माणूस नकळत बरा गुंठा लाडक्या बॅरलला देतो. कापणीला दोन्हीकडचं भात वाळवून वेगवेगळं तोलायचं. एका माणसाचे वीस गुंठे घेण्यापेक्षा दहा जणांचे दोन-दोन केव्हाही चांगले, कारण जमीन, पाणी, हात, सगळंच बदलतं आणि तरीही फरक टिकला तर तो खरा.

चौघे तयार झाले (आबा धरून, आणि युरिया पूर्ण बंद करण्याचा बेत त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला). दोघांकडे बॅरलवालं भात किंचित जास्त भरलं, एकाकडे कमी. चौथ्याच्या पट्ट्यात कापणीच्या आठवड्यात गवे शिरले. यातून काय सिद्ध झालं? काहीही नाही. चार जोड्यांतून, त्यातही एक गव्यांनी खाल्लेली, काही सिद्ध होतच नसतं. पण चार घरांत आकडे लिहिलेली वही आली, आणि ती 'स्पेशल' बाटली पुन्हा कुणी घेतली नाही.

वहीबद्दल बोलायचं तर दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीही भाताचीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन जेमतेम दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा निवडून पेरल्या, असं वर्षानुवर्षं केलं. तांदूळ बारीक, भात चवीला चांगलं, उतारा चांगला. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाची चलती होती म्हणून व्यापाऱ्याने वाणाला तेच नाव दिलं. आज आपण दुकानात 'एचएमटी कोलम' म्हणून मागतो त्याचं मूळ या माणसाच्या धुऱ्यावर आहे. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, शुद्धीकरण आम्ही केलं. दादाजींचं म्हणणं, वाण माझा. पुढे त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला, २०१० साली फोर्ब्जच्या यादीत नाव आलं. पण वाणाची कमाई काही त्यांच्याकडे आली नाही, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी उपचारांसाठी झालेल्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या छापल्या.

हॅकर कसा असावा तर असा, असं मला वाटतं. शोध त्याचा, चिकाटी त्याची, टेस्टिंगही त्याचंच आणि तेही खऱ्या शेतात. नव्हता तो दस्तऐवज, आणि त्याच्या बाजूने बोलणारी संस्था. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवण्याचा हक्क दिलाय. उशिरा का होईना, चांगला कायदा आहे. पण नोंदवायचं तर वाण इतरांपेक्षा वेगळा आहे, एकसारखा येतो, पिढी बदलली तरी बदलत नाही, हे सगळं दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा मोजणं आणि लिहिणं आलंच.

भात तरी डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही त्याचं काय होतं हे बघायला कापसाच्या पट्ट्यात जावं लागेल. आमच्याकडे कापूस नाही, पण मराठी मुलखातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात बेधडक 'घरगुती बायोटेक' कुठलं असेल तर ते विदर्भातल्या चोरट्या कापसाचं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावी शेतकरी संघटनेच्या हजारभर लोकांनी जमून, जाहीरपणे, परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. तणनाशक मारलं तरी कापूस मरत नाही असं ते वाण. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद होती. गुन्हे दाखल झाले, तरी पेरणी थांबली नाही. ही परंपरा जुनी आहे. २००१ साली गुजरातेत 'नवभारत १५१' नावाच्या वाणात परवानगी नसलेलं बीटी जनुक सापडलं, तेव्हा सरकार उभं पीक जाळायला निघालं होतं आणि शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले होते. मार्च २००२ मध्ये अधिकृत बीटी कापसाला मंजुरी मिळाली. गुजरातेत तर शेतकरी स्वतः संकर करून आपापलं बीटी बियाणं बनवायचे. कंपन्यांचं जनुक, घरचा संकर. याहून मोठं हॅकिंग कुठलं?

माझी सहानुभूती अकोलीच्या लोकांकडे आहे. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, शेजारच्या देशांना आणि कंपन्यांना जे तंत्र चालतं ते आम्हाला का नाही, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. 'पर्यावरण' म्हणून सगळ्यांना गप्प करणाऱ्यांनी कधी भर जुलैत दहा एकर निंदून बघावं. पण बंदीचा परिणाम काय झाला बघा. बियाणं चालूच आहे, फक्त पावती गेली. पाकिटात काय आहे याची खात्री नाही, उगवलं नाही तर ग्राहक मंचात जायची सोय नाही. तणनाशकाचा गुण निदान शेतकऱ्याला तपासता येतो, फवारलं की कळतं. बोंडअळीविरुद्धचा बीटी गुण नुसत्या डोळ्याने दिसत नाही. संकरित बियाण्याचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर त्याची सरकी राखून पेरल्यावर मेंडेलच्या हिशेबाने चारात एका झाडात ते जनुक नसतंच. शेत बीटीचं दिसतं, अळीला मात्र त्यात चवथाई जेवणावळ मिळते आणि उरलेल्या विषाची सवयही होते. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली विदर्भात काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कारणं अनेक होती, सगळा दोष चोरट्या बियाण्यावर टाकता येणार नाही.

आणि गंमत म्हणजे, तपासणीचं साधन आपल्याकडेच होतं! नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २००२ नंतरच्या काही वर्षांतच बीटी ओळखणाऱ्या किट बनवल्या होत्या. पानाचा तुकडा चेंदायचा, द्रावणात पट्टी बुडवायची, रेघ आली की बीटी आहे. गरोदरपणाच्या चाचणीसारखंच. ही पट्टी प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, पानाच्या ठेल्यावर मिळायला हवी होती. शेतकऱ्याच्या हातात बियाणं पोचलं, पट्टी पोचलीच नाही.

आता कुणी म्हणेल, ही तज्ञांची कामं, सामान्यांनी यात पडू नये. त्यांना मी वाल्डेमार हाफकिनची आठवण करून देतो. मुंबईत प्लेगची साथ असताना, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. आजचे बायोहॅकर स्टेजवर स्वतःला सुई टोचून व्हिडिओ काढतात, जोसाया झेनरने २०१७ मध्ये तेच केलं (पुढे त्याला त्या थाटाचा पश्चात्तापही झाला). फरक पुढच्या गोष्टीत आहे. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला, पद गेलं. तो सुटला कशामुळे? बाटलीला क्रमांक होता, त्याच एका बाटलीतून टोचलेली माणसं दगावली हे नोंदीत होतं, उघडताना तिला वास आला नव्हता आणि मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, हेही साक्षीत होतं. दूषितपणा मुंबईत शिरला नसून बाटली उघडताना मुलकोवालला शिरला, हे त्यावरून मांडता आलं. १९०७ साली रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली. हाफकिन शिकलेला प्राणिशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता. तेव्हाच्या तज्ञांच्या लेखी तोही बाहेरचाच.

ओकलंडमध्ये २०१५ साली काही हौशी लोकांनी 'ओपन इन्सुलिन' नावाने स्वस्त इन्सुलिन बनवायचा प्रकल्प सुरू केला. हेतू उत्तम. पण जिवाणूकडून रेणू बनवून घेणं हा त्यातला तुलनेने सोपा भाग आहे. तो शुद्ध आहे, प्रत्येक वेळी तितकाच आहे, माणसाच्या रक्तात घालण्याजोगा आहे, हे दाखवण्यात वर्षं जातात. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार जनुक बदललेला जिवाणू घरात वाढवायचा प्रश्नच येत नाही, संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. या बाबतीत मी नियमांच्या बाजूचा आहे. बेंगळुरूच्या सृष्टी संस्थेतल्या कलेच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली आयजेम स्पर्धेसाठी जिवाणूला जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसाच्या मातीचा वास देणारं रसायन, बनवायला लावलं होतं. तेही रीतसर प्रयोगशाळेच्या आधाराने. सुंदर कल्पना! फक्त आमच्या मलकापूरला त्या वासाचा तुटवडा नाही.

आम्हाला लागेल ती एक खोली. जनुकबिनुक काही नको. कॉलेजची प्रयोगशाळा उन्हाळ्यात दोन महिने कुलूपबंद असते, ती मिळाली तर उत्तमच. एक प्रेशर कुकर (वेगळा हं, डाळीचा नको), कारण पूर्ण दाबाला त्यात १२० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि वीस मिनिटांत काचसामान निर्जंतुक होतं. किराणा दुकानातली चायना ग्रास म्हणजेच अगर. सामू बघायच्या पट्ट्या. मनू प्रकाश या आयआयटी कानपूरच्या माजी विद्यार्थ्याने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी मायक्रोस्कोप, फोल्डस्कोप, १४० पट मोठं दाखवतो. बॅरलमध्ये कुजवणारे जिवाणू उरलेत का हे बघायला तर फार सोपी रीत आहे. नळीत बॅरलचं पाणी घ्यायचं आणि त्यात गाळणकागदाची पट्टी अर्धी बुडवून ठेवायची. दुसऱ्या नळीत तेच पाणी, पण उकळून. पेंढा कुजवणारे असतील तर दोन-तीन आठवड्यांत पहिल्या नळीतला कागद गळून तुटतो. शेतातही असंच करता येतं. पांढऱ्या सुती बनियनचे दोन सारखे तुकडे तोलून, एक या पट्ट्यात आणि एक त्या पट्ट्यात, वीतभर खोल पुरायचे आणि दोन महिन्यांनी काढून पुन्हा तोलायचे. अमेरिका-कॅनडात शेतकरी चड्ड्या पुरतात, आमच्याकडे बनियनला लोक तयार झाले. चड्डीला आबांचा सक्त विरोध आहे.

काही गोष्टी तिथे होणार नाहीत, हे आधीच लिहून ठेवलंय. माणसाचं किंवा आजारी जनावराचं काहीही तिथे वाढवायचं नाही. शेणात ई-कोलाय, साल्मोनेला असू शकतात, त्यामुळे वाढलेली प्लेट चिकटपट्टीने बंदच ठेवायची, बघायची ती बाहेरून, आणि बंदच कुकरमध्ये घालून मग टाकायची. पोरांना उत्साहाच्या भरात झाकण उघडून वास घ्यायचा असतो. तो मोह आवरला नाही तर त्या दिवशीपासून वहीचं काम त्याच्याकडे.

या खरिपाला सात जण तयार आहेत. गव्यांसाठी काय करायचं यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी पट्टे रस्त्याकडेच्या रानात घ्यायचे ठरलं. वह्या आल्यात, तराजू सोसायटीचा मिळतोय. खोलीची किल्ली कुणाकडे राहणार यावर मात्र अजून एकमत होत नाहीये.